रत्नम्माची माशी

निलंग्याच्या बाजारगल्लीत रत्नम्मा रेशमात दागिने गाठवायची. गळ्यात घालायच्या इष्टलिंगाचे दोरेही लिंगायत लोक तिच्याकडूनच करून घेत. लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या साली पावसानं दगा दिला. लग्नं पुढं गेली आणि तिच्या हाताला काम उरलं नाही.

अशात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हणमंतराव एक डबी घेऊन आले. आत गळाला पिसं आणि रेशीम बांधून केलेली माशी होती, पाण्याखाली मासा फसवायची. कसरीनं ती पार खाल्ली होती.

"तलाव आटले, माझा नाद बी संपला," ते म्हणाले. "हुबेहूब अशी एक बांधून द्या. काचेच्या चौकटीत लावतो."

तिनं हो म्हटलं आणि ते नवा गळ अन् कोंबड्याची पिसं ठेवून गेल्यावर तिनं ती पिसं पदराखाली लपवली. ज्या घरात कधी अंडं आलं नाही, तिथं हे! कुणी पाहिलं तर आपल्या हातचा दोरा कोण गळ्यात घालील?

दुपारी दार लोटून ती बसली. गळाच्या दांडीवर काळं रेशीम, त्यावर सोनेरी जर, मानेशी पिसाचे वेढे. शेवटची गाठ राहिली आणि दार वाजलं.

"रत्नम्मा, हाय का घरात?" शेजारची दानम्मा आत आलीसुद्धा.

रत्नम्मानं मूठ आवळली. गळ तळहातात घुसला. तिनं ओढून पाहिला. उलटा दात आतच अडकला. रक्त मनगटावर आलं.

"दाखव," दानम्मा म्हणाली.

मूठ उघडली. दानम्मा पिसांकडे पाहतच राहिली. रत्नम्मा घाईघाईनं म्हणाली, "भिंतीवर लावायची हाय, दानक्का. मासे मारायला न्हाई. कुणाला सांगू नका."

दानम्मा तशीच बाहेर गेली. आता ती गल्लीला सांगणार, असं रत्नम्माला वाटलं. पण दानम्मा नवऱ्याच्या दुकानातली पक्कड घेऊन परतली. गळ पुढं ढकलून तिनं टोक कातडीबाहेर काढलं, दात कापला आणि उरलेला गळ मागं ओढून घेतला. रत्नम्मानं पदर तोंडात कोंबला होता.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घे," एवढंच बोलून ती निघाली.

शेवटची गाठ मारून रत्नम्मानं ती बिनटोकाची माशी भीत भीतच हणमंतरावांना दिली. ते मात्र उन्हात धरून बराच वेळ ती पाहत राहिले. "माशी जिवंत वाटायली," ते म्हणाले.

दानम्मानं कुणाला सांगितलं नाही. तरी ती कुणाशी बोलताना दिसली की रत्नम्मा कितीतरी महिने दाराआड उभी राहून ऐकायची.