एकेचाळीस प्रश्नांचे निशिवाकी

निशिवाकी-सान आमच्या कचेरीत एकोणीस वर्षं एकच काम करत होते. मोठाल्या कंपन्या परदेशातल्या शाखांचे पैसे संगणकावरून हलवायला कुठल्या बँकेची यंत्रणा घेतात, का घेतात आणि कशी वापरतात, याचं दरवर्षी सर्वेक्षण. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ते काम म्हणजे ओसाकातल्या अडतीस कंपन्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून चहा पिणं.

फोनवर विचारलेलं त्यांना चालत नसे. फेब्रुवारीत ते किताहामापासून सुरुवात करायचे, मिठाईचा खोका हातात घेऊन चालत चालत दक्षिणेला जायचे आणि मे संपेपर्यंत नांबाला पोचायचे. एकेचाळीस प्रश्न, एकही गाळायचा नाही. उत्तरं पेन्सिलीने लिहायची, कारण शाईने लिहिलं की समोरचा घाबरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मग तो गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा आणि मी त्याचे तक्ते करायची.

तक्त्यात सतरावा प्रश्न होता, 'हीच यंत्रणा का निवडली?' त्याला अडतीसच्या अडतीस कंपन्यांचं उत्तर एकच, 'सर्व बाजूंनी विचार करून'. मी ते एकदाच टाइप करायची आणि खाली अडतीस ओळींत उतरवायची. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार ओनोदेरांची होती. ते आमचे नवे विभागप्रमुख, तोक्योहून आलेले, त्यामुळे आल्या आल्या सगळं बदलायची घाई. एका जानेवारीत त्यांनी निशिवाकींना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण तक्ते माझे.

"निशिवाकी-सान, जी बँक आपला अहवाल विकत घेते, ती विचारतेय की या सर्व बाजू म्हणजे नेमक्या कुठल्या?"

"सर्वच," निशिवाकी म्हणाले.

"यंदा एक तरी खरं कारण आणा. नाहीतर एप्रिलपासून हे सर्वेक्षण बंद आणि तुम्ही शांपूच्या सर्वेक्षणाच्या विभागात."

निशिवाकींनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांचं टक्कल दिव्याखाली चकाकलं. तिथे शांपूला करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पण हसू येण्याआधी मला त्यांचा चेहरा दिसला. हे सर्वेक्षण गेलं तर या माणसाकडे सांगायलासुद्धा दुसरं काही नव्हतं.

म्हणून मी आगाऊपणा केला. जुन्या फायली काढल्या आणि कुठल्या कंपनीने कधी यंत्रणा बदलली ते भेटीच्या तारखांशेजारी मांडलं. बाजारात तेव्हा मुख्य यंत्रणा दोनच होत्या. एकीचा पडदा निळा, दुसरीचा हिरवा, म्हणून सगळे त्यांना निळी आणि हिरवीच म्हणत. आठ वर्षांपूर्वी हिरवी घेतलेली कंपनी एकच होती, पंप बनवणारी. त्या वर्षाच्या अखेरीस दहा झाल्या. आणि त्या नऊच्या नऊ रस्त्यात पंप कंपनीच्या दक्षिणेला होत्या.

मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले.

"निशिवाकी-सान, तुमचे एकेचाळीस प्रश्न संपले की ते लोक तुम्हाला काही विचारतात का हो?"

"एवढंच. बाकीच्या कंपन्या काय करतात?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"नाव नाही सांगत हं कधी!" ते दुखावलेच. "पण माणसाने चहा दिला, तास दिला, तर अगदीच गप्प कसं बसायचं?"

"आठ वर्षांपूर्वी पंप कंपनीत काय सांगितलंत?"

त्यांनी वही काढली. सगळं लिहिलेलं असायचं. वाचता वाचता ते खुर्चीत खाली खाली सरकत गेले. पंप कंपनीतल्या सेतोगुची-सान तेव्हा विभागात नव्या होत्या. त्यांनी आदल्याच आठवड्यात हिरवी घेतली होती आणि आपण एकट्याच पडलो की काय, म्हणून बिचारीचा चहाचा पेला हातात थरथरत होता. निशिवाकींना ते बघवलं नाही. ते म्हणाले होते, बरेच जण हिरवीकडे वळताहेत.

"बरेच म्हणजे किती?" मी विचारलं.

"एकट्या त्याच," ते पुटपुटले. "पण पुढच्या कंपनीत गेलो तेव्हा मात्र खरंच एक कंपनी होती ना. मग दोन झाल्या."

मला हसू आवरेना. एकोणीस वर्षं हा माणूस कंपन्या यंत्रणा कशा निवडतात ते शोधत होता आणि त्या निवडत होत्या ह्यालाच विचारून! 'सर्व बाजू' म्हणजे शेजारची बाजू, आणि तिकडची बातमी नेणारे पोस्टमन आमचे निशिवाकी.

"हसा, कुवाबारा-सान, हसा," ते म्हणाले. मग पेन्सिल काढून तक्त्यातल्या त्या नऊ कंपन्या एकेक करून मोजल्या. मी हसायचं थांबवलं.

यंदा कुणालाही काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कुणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं.

तो वसंत किताहामा ते नांबा कुणी विसरणार नाही. निशिवाकींना माहीत नाही म्हटल्यावर एकेका वित्त विभागाचं धाबं दणाणलं. एका ठिकाणी चहा तीनदा आला. दुसऱ्या ठिकाणी त्यांना ईल मासा खायला नेलं, तोही वरच्या दर्जाचा. ते मुकाट्याने जेवले आणि माहीत नाही म्हणाले. एका कापड कंपनीतल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने तर खिडकीकडे बघत विचारलं, "बोलू नका हवं तर. मी नाव घेतो, तुम्ही नुसती मान हलवा. निळी?"

घोटाळा असा झाला की नेमकी तेव्हाच निशिवाकींची उठायची वेळ झाली होती. निरोप घेताना वाकायला तर हवं, आणि वाकावं तर ते हो समजणार. बिचारे ताठ मानेने, बांबू गिळल्यासारखे, दारातून मागे मागे चालत बाहेर पडले. "आयुष्यात पहिल्यांदा उद्धटपणा केला," परत आल्यावर मला म्हणाले.

ओनोदेरांनी मुदत मेअखेरपर्यंत वाढवून दिली होती, तेवढा माणुसकीचा भाग. सतराव्या प्रश्नाचं उत्तर यंदा सगळ्यांनी मागाहून टपालाने कळवतो म्हटलं होतं, त्यामुळे अडतीस उत्तरपत्रिका थेट माझ्या टेबलावर आल्या. सतराव्या प्रश्नापुढे सदतीस कंपन्यांनी लिहिलं होतं, 'यंदा निर्णय पुढे ढकलला आहे'.

अडतिसावी सेतोगुची-सानची होती. त्यांचा हिरवीचा करार मार्चमध्येच संपत होता, त्यामुळे ढकलायची सोय नव्हती आणि विचारायला कुणी नव्हतं. त्यांच्या सुबक अक्षरांत तिथे लिहिलं होतं:

'निळी घेतली. आमच्या जकार्ताच्या शाखेत सुमार्नी नावाची मुलगी आहे, हे काम रोज तीच करते. तिला दोन्ही यंत्रणा आठवडाभर वापरायला सांगितल्या. ती म्हणाली, हिरवीवर दिवसाचा तक्ता सातनंतर येतो, तो ओसाकाला पाठवल्याशिवाय मला निघता येत नाही. निळीवर पाचला निघता येतं. आठ वर्षं तिला रोज उशीर होत होता. तिने कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.'

निशिवाकींनी ते उभ्यानेच वाचलं. "आठ वर्षं," ते म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले.

"निशिवाकी-सान, पण कारण मिळालं! खरं कारण मिळालं!" मी म्हणाले.

"पेला थरथरत होता हो तिचा," ते म्हणाले. "म्हणून बोलून गेलो. नाहीतर तिने तेव्हाच कुणाला तरी विचारलं असतं."

ओनोदेरांनी ती उत्तरपत्रिका बँकेकडे पाठवली. आठवड्याने बँकेचं पत्र आलं, आभाराचं आणि अतिशय नम्र. अडतीस कंपन्यांमध्ये मिळून एक कारण म्हणजे फार थोडं, असा त्याचा अर्थ होता. सर्वेक्षण बंद झालं. मला इतका राग आला की मी ते पत्र चुकीच्या फायलीत लावलं आणि अजून ते तिथेच आहे.

निशिवाकी मात्र ओनोदेरांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"मला जकार्ताला जायचंय."

"अहो, सर्वेक्षण बंद झालंय."

"म्हणून तर रजा मागतोय."

एकोणीस वर्षांत त्यांनी रजा मागितलेली नव्हती. कोरा अर्ज कुठे मिळतो हेही त्यांना माहीत नव्हतं, मीच आणून दिला. आणि कळलं काय, तर परदेशी व्यवहारांच्या या जाणकाराकडे पासपोर्टच नव्हता. फोटो काढताना फोटोग्राफरने म्हणे चारदा सांगितलं, साहेब, वाकू नका.

ते स्वतःच्या पैशाने गेले. मिठाईचा खोका, पेन्सिल आणि ते एकेचाळीस प्रश्न घेऊन. सेतोगुची-सानने तिथल्या शाखेला कळवून ठेवलं होतं. पाहुण्यांच्या खोलीत बसायला निशिवाकींनी नकार दिला आणि थेट सुमार्नीच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. यंत्रणा चालू असताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. हिरवीवर काय काय सोसलं, आता निळ्या पडद्यावर कुठलं बटण कुठे लपवलंय, कुठे तीच माहिती दोनदा भरावी लागते, सुमार्नी भडाभडा सांगत होती आणि दुभाष्याची दमछाक होत होती. आठ वर्षांचं साठलेलं असणार. त्या एका दुपारी जेवढं लिहून घेतलं, तेवढं एकोणीस वर्षांत मिळून लिहिलं नव्हतं, असं ते मला म्हणाले.

"मग एकेचाळीस प्रश्न झाले का पुरे?" मी विचारलं.

"कुठले. सव्विसाव्यावर होतो, तेवढ्यात पाच वाजले. ती बिचारी म्हणाली, थांबते, विचारा तुम्ही."

"मग?"

"मग काय? मी वही मिटली आणि तिला बस थांब्यापर्यंत सोडून आलो."