वन्संना जेवायला आणायची गाडी

माणसं घरी येत नाहीत म्हणून मी गाडी घेतली.

यात हसण्यासारखं काही नाही. (हसा, मला सवय आहे.) हे गेल्यापासून मोहोपाड्याच्या आमच्या घरात मी आणि फ्रीज असे दोघेच राहतो, आणि दोघांत बोलका तो आहे. मुलगा बंगळुरूला. रविवारी फोन करून "जेवलीस का?" विचारतो, मी "हो" म्हणते, की पुढच्या रविवारपर्यंत दोघंही मोकळे! बाकी नातेवाईक तसे जवळच. सख्खी मोठी नणंद, तारावन्सं, तर लोधिवलीला. पण बोलावलं की ठरलेलं उत्तर: "यायचं कसं गं? तिकडं रिक्षा मिळत नाय!"

म्हटलं, ठीक आहे. रिक्षा मिळत नाही ना? मीच येते न्यायला!

आता चारचौघांसारखी एखादी छोटी, गल्लीबोळात वळणारी गाडी घ्यावी की नाही? मी घेतली युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ देशातली. तिचं नाव नीट घ्यायचं तर आधी खाकरून घसा साफ करावा लागतो. ती का घेतली, तर शोरूममधल्या माणसाने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि दुपारभर माझ्याशी गप्पा मारल्या. एवढ्यावर मी विमानसुद्धा घेतलं असतं.

"जुनी म्हणायचं नाही मॅडम. सर्टिफाइड प्री-ओन्ड."

"म्हणजे जुनीच ना?"

"जुनी, पण पूर्ण तपासलेली!"

(तशी मीही आहे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. मला कोणी सर्टिफिकेट देत नाही.)

गाडी दारात आली आणि पहिल्याच दिवशी तिने मला वेड्यात काढलं. बाजारातून येताना भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, तर गाडी कोकलायला लागली: प्रवाशाने पट्टा लावलेला नाही! मग काय, भेंडी आणि दुधी भोपळ्याला पट्टा बांधून घरी आणलं. वाईट एवढंच वाटलं, की कित्येक महिन्यांत माझ्या शेजारी येऊन बसलेले ते पहिलेच होते.

म्हणून रविवारचा मुहूर्त धरला. पहाटे उठून वालाचं बिरडं केलं, अळूवड्या केल्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि लोधिवलीला जाऊन उभी राहिले. वन्सं ओट्यावरून गाडीकडे बघत होत्या.

"पूजा केलीस का गं हिची?"

"वन्सं, जुनी गाडी आहे. आधीच्या मालकाने केलीच असेल की."

"त्याची पूजा त्याला! आपल्याला काय उपेग? बिनपूजेच्या गाडीत मी नाय बसायची."

झालं! वन्सं एकदा ओट्यावर बसल्या की त्यांना उठवणं देवाच्याही हातात नाही. नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुढच्या जाळीवर, त्या परदेशी कंपनीच्या बिल्ल्यावरच, झेंडूचा हा एवढा जाडजूड हार चढवला, आणि बंपरला लिंबू-मिरची लोंबकळत बांधली. गाडी घोड्यावर बसायला निघालेल्या नवरदेवासारखी दिसायला लागली. वन्सं प्रसन्न झाल्या, पुढच्या सीटवर बसल्या, आणि मी अभिमानाने गाडी सुरू केली.

टूं टूं टूं टूं!

"काय झालं?"

पडद्यावर लाल अक्षरं आली: समोर अडथळा. मी समोर बघितलं. रस्ता लख्ख मोकळा! काच पुसली. चष्माही पुसला. थोडी पुढे नेली, तर गाडीने स्वतःहून खाडकन ब्रेक मारला. पुन्हा नेली, पुन्हा खाडकन! असे आचके देत कसेबसे आम्ही हायवेवर आलो आणि दांड फाट्याच्या अलीकडे मी हरले. गाडी कडेला घेतली.

"हिला कायतरी दिसतंय," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या.

"काय दिसतंय?"

"आपल्याला दिसत नाय ते! आधीचा मालक जिता हाय का, इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. शोरूमवाल्यांनी गाडीच्या एवढ्या तपासण्या केल्या, पण मालकाची केली होती का कोण जाणे! मे महिन्याची दुपार, आत भट्टी झालेली, म्हणून एसी वाढवायला मी घाईघाईने एक बटण दाबलं. दोन मिनिटांत वन्सं ताडकन उठल्या आणि छताला डोकं आपटून खाली बसल्या.

"अगं सुनंदे, माझ्या बुडाखाली इस्तव पेटलाय!"

बर्फाळ देशातली गाडी ना! तिथे सीट गरम करायची सोय लागते. रायगडात, मे महिन्यात, मी सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला तव्यावर बसवलं होतं.

शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज इतका गोड, की मला भरून आलं.

"मॅडम, आपण सुरक्षित आहात ना?"

हे मला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. मी सविस्तर सांगितलं. गुडघ्याचंही सांगितलं.

"आपल्यासोबत कोणी आहे का?"

"आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले, की वन्सं दचकल्या.

गाडी उचलून न्यायला ट्रक मुंबईहून निघणार होता. थांबणं भाग होतं. आम्ही दोघी दारं उघडी टाकून बसलो. करणार काय? बोलायला लागलो. वन्संचा संधिवात, त्यांची सून, माझी सून, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं मोडायला हवं होतं! ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. हे शाळा चुकवून पाताळगंगेत डुंबायचे आणि मार वन्संना बसायचा. आम्ही हसून हसून डोळे पुसले. मग वन्संनी नुसतेच पुसले.

"सुनंदे, रिक्षा मिळते गं. मी खोटं सांगते."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुज्या घरात समोर त्याचा हार घातलेला फोटो. धाकटा भाऊ माजा. त्याच्यासमोर बसून घास नाय उतरत. मग न आलेलंच बरं."

मलाही तिथे उतरत नव्हता. वर्षभर मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवत होते, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, हा ट्रक आता रस्ता चुकावा, वाटेत पंक्चर व्हावा, काहीही व्हावं, पण येऊ नये!

ट्रक नाही आला. बकऱ्या आल्या.

पलीकडच्या ठाकरवाडीतली एक बाई बकऱ्या घेऊन चालली होती. कळपाला झेंडूचा वास लागला आणि सगळा कळप गाडीच्या तोंडावर तुटून पडला.

"हाट्! हाट् गं!" बाई ओरडत होती. "बाई, तुमचा हार खाल्ला की वं यांनी!"

हार गेला. एका बोकडाने लिंबू-मिरची ओढली, मिरची चावली आणि शिंकत पळाला. बाकीच्या बकऱ्या बिचकाव्यात म्हणून मी गाडी सुरू केली, तर टूं टूं बंद! लाल अक्षरं गेली. मी पुढे नेली, तर लोण्यासारखी चालली! (समोरचं बघणारं गाडीचं यंत्र त्या बिल्ल्यामागेच असतं, हे मदतवाल्याने नंतर सांगितलं. म्हणजे आम्ही पूजा करून तिचे डोळे बांधले होते.)

"मालकाला निवद पोचला," वन्संनी हात जोडले. "आता मला घरी सोड. लई उशीर झाला."

"वन्सं, जेवण?"

त्यांनी नुसती मान हलवली. मीही आग्रह केला नाही. त्यांना सोडलं, ट्रक परत पाठवायला फोन केला आणि घरी येऊन तीन दिवस बिरडं खाल्लं.

त्यानंतर मी वन्संना किती वेळा म्हटलं, "घरी नका येऊ, नुसतं फिरून येऊ."

"नुसतं?" वन्सं म्हणतात. "दोन म्हाताऱ्या उगाच पेट्रोल जाळत फिरतात, म्हणतील लोक! गाडी बंद पडली तर गोष्ट येगळी. अडल्या माणसाला सोबत करायला येईन मी. पडली का बंद?"

"नाही हो."

"बरं. पडली की सांग."

पण ती पडतच नाही! घाटात घातली, खड्ड्यात घातली, पेट्रोलचा काटा तळाला जाईपर्यंत फिरवली. काही म्हणजे काही होत नाही. शेजारीपाजारी विचारतात, "काकू, एवढी परदेशी गाडी, कधी दगा नाही ना देत?"

"नाही ना!" मी कपाळावर हात मारून सांगते. "पार फसवलं हो मला त्या शोरूमवाल्याने!"