सांगेल ती

जाधवकाकांकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा "या, बसा" नाही की चहा नाही. चिकटवलेल्या दोन लाकडी पट्ट्या आणि हातोडी हातात देऊन म्हणाले, "मोड." मी मोडलं. "लाकूड फाटलं, जोड सुटला नाही. पास!" नेरुळला नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या रो-हाऊसमधले हे निवृत्त फिटर हॉलमध्ये एका माणसापुरतं विमान बांधत होते.

"लोकांच्या हॉलमध्ये शोकेस असतं, आमच्याकडे पंख. पाहुण्यांना काय शेपटीवर बसवू?" काकू म्हणायच्या.

काकांचा एकच नियम होता. दिवसभरात जे चिकटवलं, त्याच ग्लूने एक छोटा तुकडाही जोडायचा आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघायचा. जोड सुटला तर आदल्या दिवसाचं सगळं काम भंगारात. "माणूस थापा मारतो, सुनंदा. तुकडा नाही मारत."

बँकेतून आले की मी मदतीला जायची. एकदा काका लग्नाला चिपळूणला गेले आणि पंखाच्या सांगाड्यातल्या तीन लाकडी बरगड्या माझ्यावर सोपवून गेले. त्या मी चिकटवल्या, तुकडा मात्र विसरले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुकडा?" मी त्यांच्या तुकड्यांच्या डब्यातला एक जुना, जास्तीचा जोडलेला, न मोडलेला पुढे केला. त्यांनी मोडला, जरा वेळ न्याहाळला, "पास" म्हणाले आणि खिशात टाकला.

आता पंखाचं कापड चढवायचंच काय ते राहिलं; ते चढलं की बरगड्या कायमच्या आत झाकल्या जाणार. पण काका चढवेनात. कधी हवा दमट, कधी कात्रीला धार नाही, एकदा तर पितृपक्ष! आयुष्यात कधी पितृपक्ष न पाळलेला हा माणूस. सोसायटीतले चिडवायचे, "काका, विमान कधी?" "तोवर बसने जा."

मला मेलीला जेवण जाईना. त्या विमानात ते स्वतः बसणार होते. शेवटी दिवाळीनंतर सांगून टाकलं, "काका, तो तुकडा त्या दिवसाचा नव्हता."

"बरं," म्हणाले, करवत घेतली आणि तिन्ही बरगड्या कापून काढल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दार वाजवलं, "चल, ग्लू कालव." पुढच्या आठवड्यात कापड चढलंसुद्धा.

मग राहिलं होतं इंजिन, ते काही आलं नाही. त्याआधीच काका गेले. काकूंनी मला त्यांचा बिस्किटांचा डबा दिला. आत सगळे मोडलेले तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. माझ्या तुकड्यावर तारीख नव्हती. लिहिलं होतं, "हा त्या दिवसाचा नाही. सांगेल ती. तोवर कापड नको."