ठसेवाले सर आणि भूमचे दोन मेंढे

आमच्या ड्रॉइंगच्या सरांची बोटं सदा काळी. मतदानाला गेले की केंद्रावरचा माणूस त्यांचं बोट बघून घोटाळायचा. "मताची न्हाय, ठशाची शाई आहे," सर शांतपणे सांगायचे.

धाराशिवच्या त्याच शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचो. सर लाकडाच्या फळीवर चित्र कोरत, त्यावर शाईचा रूळ फिरवत आणि कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासत; कागदावर उमटे तो त्यांचा ठसा. "कोरलेलं परत भरता येत न्हाय. आधी नीट बघायचं," म्हणत ते महिनाभर नुसते बघत बसायचे.

एकदा त्यांनी सोयाबीनमधली गोगलगाय डबीत घालून माझ्यापुढं ठेवली. "सर, ही नर का मादी?"

"दोन्ही," मी म्हणालो.

सर लहान मुलासारखे खूश झाले. मग आधी नर असलेलं आणि पुढं फळाला आलेलं पपईचं झाड त्यांनी कोरलं. "नर-मादी असे कप्पे दोनच, हे आपण ठरवलं. झाडाला कुणी विचारलं?" असं म्हणायचे.

भूमजवळच्या एका मेंढपाळाकडं मला बरोबर घेऊन गेले. तिथले दोन मेंढे कायम एकमेकांपाशी. "माद्यांकडं बघतबी न्हायत," मेंढपाळ म्हणाला. सरांनी विचारलं, "मग तरास होत न्हाय?" तो हसला. "कशाचा तरास? मेंढरंच हायती की."

शाळेच्या प्रदर्शनात सरांनी त्या मेंढ्यांचा ठसा लावला. खाली लिहिलं, 'जोडी'. एक पालक भडकले. "असलं कुठं असतंय का? जीवशास्त्राचे सर, तुम्हीच सांगा." सगळे माझ्याकडं वळले. मला वाटलं, खरं बोललो तर माझंही कळेल. मी म्हणालो, "नक्की माहीत नाही."

सरांनी मुकाट्यानं चित्र उतरवलं. दुसऱ्या दिवशी मला रोजच्यासारखाच चहा पाजला. आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं, की मला पुरुषच आवडतात. सर म्हणाले, "एवढी वर्षं बघत बसलो आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस दिसला न्हाय बघा मला." मेंढ्यांचा ठसा त्यांनी माझ्या हातात दिला.

त्याच उन्हाळ्यात सर गेले, झोपेतच.

दिवाळीत गावी, तामलवाडीला, वडिलांनी माझ्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. मी त्यांच्यापुढं तो ठसा ठेवला आणि सगळं सांगितलं. शेतकरी माणूस. त्यांनी कागद उजेडाला धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आई आतून हाका मारत होती, पण ते उठले नाहीत.

"पोरीच्या बापाला म्या फोन करतो," शेवटी म्हणाले. "त्यांला उगं आशेवर नगं ठेवायला." मग माझ्याकडं न बघता, "तू जेवून घे."

हे ऐकायला सर हवे होते.