चौथ्या दुकानाची कढी

प्रिय इरा आणि नील,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ते असताना सांगितलं नाही, तुमच्या आईला तर नाहीच. तुम्ही दोघं हे स्वतः वाचा. अक्षर अडलं तर सावकाश वाचा, पण आईकडून वाचून घेऊ नका.

आत्ताच का? इरा, मागच्या आठवड्यात तू मला चार ओळी पाठवल्यास म्हणून. तुमच्या त्या इंग्लंडातल्या गावच्या खाऊफेरीत तू आता दर शनिवारी मदतीला जातेस. त्यांच्या पत्रकात तुझ्याबद्दल चार ओळी छापायच्या आहेत. तू लिहिलंस — लहान दुकानदाराच्या हातावर विश्वास ठेवायला मला माझ्या आजीनं शिकवलं. आणि खाली मला विचारलंस, आजी, यवतमाळला सांबारवडी आणि कढी देणाऱ्या त्या पांढऱ्या बांगड्यांच्या मावशींचं नाव काय होतं? मला ते छापायचं आहे.

तिचं नाव गोमीबाई. ते छाप. माझ्याबद्दलची ओळ मात्र — पण थांब, आधी सगळं सांगते.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची असताना आपण ती फेरी केली होती? पिवळी छत्री उंच धरून चालणारी बाई पुढे आणि आपण पंधरा जण तिच्या मागे. पाव भाजणारा, चीज विकणारी, मुरंबे करणारं म्हातारं जोडपं — सगळी घरची दुकानं, ज्याचं दुकान तोच गल्ल्यावर. मी काय केलं होतं आठवतं? प्रत्येक घास आधी नाकाशी नेला. प्रत्येक दुकानात 'ही आमच्या आजीची कृती' असं सांगायचे, आणि मी मनात म्हणायची, आजी कुठे आहे, दाखवा बरं. निळ्या बुरशीचं चीज पुढे आलं तेव्हा मी सरळ विचारलं, हे नासलेलं नाही कशावरून? त्या बाईनं एक तुकडा कापला, आधी स्वतः खाल्ला, मग माझ्यापुढे सुरी धरली. तुम्ही दोघं हसलात. मी ते चीज खाल्लं नाही ते नाहीच.

पण इकडे परत आल्यावर मीच तशी फेरी सुरू केली. मला व्यवस्थेची आवड, तुम्ही जाणताच. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे जुने विद्यार्थी गावोगाव. कुणी नागपूरहून यायचं, कुणी पुण्याहून. हिवाळ्यातले रविवार, सकाळी नऊ ते एक. सहा दुकानं, आणि शेवटी आपल्या घरी माझ्या हातचा मठ्ठा. दुकानं मी आधी तपासायची. तेलाचा वास घ्यायची, पाण्याच्या माठात डोकावायची, नखं बघायची. वहीत खुणा करायची.

चौथं दुकान गोमीबाईचं. बाभुळगावच्या वाटेवरच्या एका तांड्यातून ती शहरात आलेली. नवऱ्यामागे एकटीनं शटरएवढी जागा भाड्यानं घेऊन सांबारवडी तळायची. नील, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तू नेहमी विसरतोस. वडीबरोबर कढी. पहिल्या दिवशी मी कढीच्या वाटीला नाक लावलं तर म्हणाली, "वास काहून घेऊन राह्यल्या मॅडम? कढी हाय, अत्तर नाही." आणि पातेल्यातली पळीभर कढी माझ्यासमोर वाटीत घेऊन प्यायली. पुढे प्रत्येक फेरीत ती लोकांना सांगायची, "आधी मॅडमचं नाक पास करते, मंग तुमचं तोंड." लोक हसायचे. मलाही ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

इरा, नऊ वर्षांची असताना तू तिथे तीन वड्या खाल्ल्या होत्यास. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट.

मठ्ठा मी एरवी स्टीलच्या दोन पातेल्यांत करायची. त्या रविवारी बारा जण येणार होते. मनात आलं, माझ्या सासूबाईंचा मोठा पितळी गंज काढावा. गंज म्हणजे इकडचं पातेलं, तुम्ही तो माळ्यावर पाहिला आहे. पाहुण्यांना जुनं काही बघायला आवडतं. आता हे तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सांगते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, त्याला कल्हई म्हणतात. ती उडाली की आत पिवळं पितळ दिसायला लागतं, आणि त्यात आंबट ठेवलं की ते कळकतं — विषारी होतं. आमच्या पिढीच्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही.

आदल्या आठवड्यात सलीमभाई कल्हईवाले गल्लीत आले होते. सायकलला भाता बांधलेला, दाढी पांढरी. मी गंज दाखवला आणि विचारलं, कथीलच लावता ना? की शिसं मिसळता? ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या सासूबाईच्या वक्तापासून मीच करून राह्यलो." मला ते उत्तर वाटलं नाही, टाळाटाळ वाटली. मी त्यांना परत पाठवलं. गंज तसाच राहिला — तळाशी तळहाताएवढं पिवळं.

ते पिवळं मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. मी म्हटलं, चार-पाच तासांनी काय होतंय. सकाळी आठला ताक त्यात ओतलं, आलं, हिंग, मीठ घातलं. फेरी संपून लोक घरी येईपर्यंत एक वाजला. एक बाई म्हणाल्या, चव जरा वेगळी लागते, जुनी पद्धत असेल. मी म्हणाले, हो, जुनीच पद्धत.

मी स्वतः प्यायले नाही. खोकला होता, गार ताक नको होतं.

संध्याकाळपर्यंत सगळे आजारी. उलट्या, पोटात मुरडा. दोघांना दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. चार दिवसांत सगळे बरे झाले, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आमच्या फेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं विचारलं, मॅडम, तुम्हाला कशाचा संशय येतो? तोवर मी स्वयंपाकघरात जाऊन गंजाच्या तळाची हिरवट कड बघून आले होते. गोमीबाईची कढी मी दोन वाट्या प्यायले होते आणि मला काहीही झालं नव्हतं. एक मुलगी बस चुकल्यामुळे सरळ माझ्याकडेच आली होती. तिनं बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं, फक्त मठ्ठा प्यायली होती. तीही आजारी पडली. हे तिनं फोन करून मला एकटीलाच सांगितलं. आणखी काय पुरावा हवा होता मला?

मी ग्रुपवर लिहिलं — ठामपणे सांगता येणार नाही, पण कढीचा संशय येतो.

व्याकरणात एकही चूक नसलेलं वाक्य. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे खोटं नाही, मी फक्त 'संशय' म्हटलं. पण माझं नाक सगळ्यांना माहीत होतं. त्या नाकाचा संशय म्हणजे निकालच. दोन दिवसांत ते वाक्य शहरभर झालं. जवळच्या वसतिगृहातल्या मुली तिची ठरलेली गिऱ्हाइकं होती, त्या यायच्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोमीबाई आपल्या फाटकाशी आली. हातात कढीचा डबा. मी आत या म्हटलं नाही. तिनं तिथेच डबा उघडला, तोंडाला लावला आणि अर्धी कढी प्यायली. "पाहा मॅडम, तसलीच हाय. माह्यावर नका ठेवू विश्वास, पण तुमी सांगा त्यायले. तुमचं आयकते लोक."

त्या वेळी गंज अंगणात नळाखाली होता. ती हिरवट कड निघावी म्हणून त्यात मी चिंचेचं पाणी भरून ठेवलं होतं. तिची नजर तिकडे गेली. जन्मभर ताक आणि आंबट हाताळलेली बाई ती. मग तिनं एवढंच विचारलं, "कल्हईवाला आला नाही वाटते इकडं यंदा?"

मी म्हणाले, "नाही."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

तिला कळलं होतं का? सात वर्षं मी हाच प्रश्न घोळवते आहे. तेव्हा वाटायचं, ती बाहेर जाऊन बोलणार. पुढचे कित्येक दिवस फाटक वाजलं की मी आधी खिडकीआडून बघायची. बाजारात दोन बाया हळू आवाजात बोलताना दिसल्या की मी थबकायची. सलीमभाई रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या बाजूनं जायची — न जाणो, त्यांचं आणि तिचं बोलणं झालं असेल. पण कुणी काही बोललं नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही. आयुष्यभर मी ज्यांचे माठ तपासले, त्यांच्यातलं एक माणूस माझं भांडं बघून गेलं आणि गप्प राहिलं.

उन्हाळ्याच्या आधी तिचं शटर बंद झालं. ती तांड्यावर परत गेली असं ऐकलं. आपल्या घरापासून तो तांडा तासाभराच्या वाटेवर आहे. मी गेले नाही.

अजून एक राहिलं, आणि ते सांगायला मला जास्त जड जातंय. फेरी मी थांबवली नाही. आणखी दोन हिवाळे पाच दुकानांची फेरी चालवली, गुडघ्यांनी जमेना तेव्हाच सोडली. त्या बंद शटरपुढून जाताना कुणी ना कुणी विचारायचं, इथे काय होतं? मी म्हणायची — इथे वड्या मिळायच्या, पण स्वच्छतेच्या तक्रारी आल्या. किती वेळा म्हटलं असेल? मोजलं नाही. पहिल्यांदा जीभ अडखळली होती. नंतर अडखळेनाशी झाली.

इरा, तुझी ती ओळ मी चार वेळा वाचली. हातावर विश्वास ठेवायला मी तुला शिकवलं नाही. तीन वड्या खाल्ल्यास त्या दिवशी तू आधी वाटीला नाक लावलंस, माझं बघून. गोमीबाईनं तुझ्या हनुवटीला हात लावून तुला म्हटलं होतं, "खाय बाई, मी खाल्लं हाय आधी." आणि तू खाल्लंस. तुला जे आठवतंय, ते तिनं शिकवलेलं आहे.

चौथ्या दुकानाचं शटर आता निळं आहे, आत मोबाईलची कव्हरं विकतात. वहीतल्या यादीत चौथ्या ओळीवर मी तेव्हा मारलेली रेघ आहे. रेघेखाली नाव अजून वाचता येतं. गंज माळ्यावर उपडा ठेवला आहे. त्याला मी पुन्हा कल्हई करून घेतली नाही. तळाशी तो पिवळाच आहे.

तुमची,
आजी