अभिप्रायाला परतीचा आहेर

“पाच तारे देऊन टाकले बघ अप्पाला.”

“वाचलं का पण?”

“आहेराचं लुगडं कुणी नेसून बघतंय का बे? द्यायचं आन् जेवून यायचं.”

दोघंही हसले. मी कपाटामागे चादरींच्या घड्या घालत होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोघंही अप्पांची जुनी गिऱ्हाइकं. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना माझे वडील आवडत होते, म्हणून तर त्यांनी अप्पांच्या पुस्तकाला मोबाईलवर तारे दिले होते. मी घडी हातात धरून, ते जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

अंबाजोगाईत आमचं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईत आहेराचं कापड खपतं, आणि एरवी दवाखान्यात पेशंटजवळ राहणारी माणसं चादरी, टॉवेल घ्यायला येतात. आई गेल्यावर अप्पा दुपारच्या रिकाम्या वेळेत गल्ल्यावर बसून लिहू लागले. दुकानातल्या इतक्या वर्षांच्या आठवणी. काय लिहिताय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं. ती गेल्यापासून आम्ही दोघं जेवायला वाढलंय, शटर ओढलंय, एवढंच एकमेकांना सांगत होतो.

पुस्तक छापून झालं, ऑनलाइन विक्रीलाही लागलं. मग प्रकाशकांचा फोन आला. वाचकांचे अभिप्राय आल्याशिवाय तिथे पुस्तक कुणाला दिसत नाही, ते वाढवा. अप्पांनी फोन माझ्या हातात दिला. “तुझी इंग्रजी शाळा आता तरी कामाला येऊ दे.”

असे अभिप्राय कसे मिळवायचे, त्याचे नियम मी मोबाईलवर वाचून काढले. पुस्तकाच्या शेवटी वाचकाला नम्र विनंती करावी. ज्यांनी खरंच वाचलंय त्यांनाच विचारावं. घरच्यांकडून लिहून घेऊ नये. अभिप्रायाच्या बदल्यात काहीही देऊ नये. यातलं थोडं मी अप्पांना सांगितलं आणि प्रत्येक प्रतीत ठेवायला एक चिठ्ठी तयार केली. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली.

“चिठ्ठीनं कुणी येतं का? लग्नाची पत्रिकासुद्धा घरी जाऊन द्यावी लागती.”

मग ते खरंच घरोघर गेले. एसटीने धारूरला गेले, मांजरसुंब्याला गेले. पिशवीत पुस्तकं. लोक पुस्तक दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवत. त्यानंतर चहा, आणि चहा होईपर्यंत घरातलं कुणीतरी मोबाईलवर तारे देऊन मोकळं होई.

अभिप्राय भराभर आले. ‘अप्पांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार, धारूर.’ ‘अतिशय प्रेरणादायी.’ एकाने पुस्तकाच्या फोटोऐवजी गॉगल लावलेला स्वतःचाच फोटो टाकला होता, चौकातल्या बॅनरवर असतो तसा. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी अप्पा विचारायचे, “आज काई आलं का?” मी वाचून दाखवायचे. वाचून झालं तरी ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहायचे.

ते कशाची वाट बघतात, हे मला पुस्तक वाचल्यावर कळलं. मी मराठी सावकाश वाचते, ओठ हलवत. म्हणून माझ्या खोलीत, दार लावून वाचलं. शेवटचं प्रकरण आईवर होतं. अप्पांनी जे घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते सगळं तिथे होतं. ती आजारी असताना त्यांना दुकान उघडं ठेवावं लागलं ते, आणि दवाखान्यातल्या पलंगावरची चादर आपल्याच दुकानातली आहे हे बघून ती हसली ते. मी ते पान कितीतरी वेळ उघडं धरून बसले.

पण पुढे लिहिलं होतं की ती शांत होती, सोशिक होती, तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. तिथे मी अडले. माझी आई गिऱ्हाइकाला म्हणायची, “घ्या वो मावशी, रंग गेला तर मला येऊन शिव्या द्या.” अप्पांनी उधारीवर जास्त कापड दिलं, तर सगळ्यांसमोर त्यांना म्हणायची, “दुकान बी देऊन टाका की.” पुस्तकातली बाई मला ओळखू येईना. आणि हे मी कुणाला सांगणार होते? घरच्यांनी अभिप्राय लिहायचा नसतो, हा नियम मला फार सोयीचा वाटला.

मग एके दुपारी सगळे अभिप्राय पुस्तकाच्या ऑनलाइन पानावरून गेले. एकही उरला नाही. मी कारण शोधत बसले आणि मला ते व्हॉट्सॲपवर सापडलं. मांजरसुंब्याच्या एका काकांनी त्याच सकाळी बदललेला स्वतःचा अभिप्राय आपल्या स्टेटसला लावला होता. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘पुस्तक उत्तम. टॉवेलही मिळाला, आभारी आहे.’

मी अप्पांना विचारलं.

“हां, दिले की,” ते म्हणाले. “ज्यानं ज्यानं लिहिलं त्याला टॉवेल. बायांना ब्लाऊजपीस. लोकांनी आपल्याला दिलं तर परतीचा आहेर नको का करायला?”

“ते चालत नाही, अप्पा. विकत घेतल्यासारखं होतं ते.”

“विकत?” त्यांना हे खरोखर समजलं नाही. बराच वेळ ते गल्ल्यावरची मीटरपट्टी इकडची तिकडे सरकवत राहिले. जन्मभर या माणसाने कुणाचा आहेर तसाच ठेवून घेतला नव्हता.

“सगळेच गेले?”

“सगळेच.”

“जाऊ दे.” मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “त्यात तुझ्या आईचं कुणी काढलंतं का गं? मला वाटलं, तू मला वाचून दाखवायची लाजत असशील.”

“नाही. कुणीच नाही.”

त्यांनी मान हलवली. “शेवटपर्यंत कुणी गेलंच नसंल.”

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांचं नुसतं कौतुक केलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. तेही माझ्या ओठांवर आलं होतं. पण तसं कौतुक त्यांच्याकडे आलं होतं आणि गेलंही होतं.  

“मी गेलेय शेवटपर्यंत,” मी म्हणाले. “चादरीचं वाचून मी रडले. पण अप्पा, आई एवढी गप्प नव्हती. तुम्ही तिला पुस्तकभर एक वाक्यसुद्धा बोलू दिलं नाही.”