माझी मराठी, तिच्या तोंडून

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिकवत होते. "आता आपलाच जिल्हा झाला, बदली माग," अशी आईची पत्रावर पत्रं येत. मी अर्ज टाकून बसले होते. मन तिथून केव्हाच उठलं होतं.

वर्गातली लेकरं गोंडी बोलत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, कळून घ्यावं असंही वाटत नव्हतं. त्यात मी तापट. "पालथ्या घड्यावर पाणी!" असं दिवसातून दहादा ओरडायची. त्या साली विहीर आटलेली, ओसरीत घडे खरोखरच पालथे पडलेले असायचे.

दुष्काळामुळे वसतिगृहातल्या जागेसाठी माणसं दारात येऊन बसू लागली, कारण इथं दोन वेळचं जेवण होतं. तेव्हा ज्यांची प्रगती नाही त्यांना घरी धाडायचं ठरलं आणि नावं आम्हा शिक्षकांकडून मागवली. दुसरीतल्या एका मुलीनं जूनपासून माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'समज नाही.' तिच्या घरी चूल पेटते का, हे मी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर लेकरांनी नकला केल्या. शेवटी ती न बोलणारी मुलगी उठली. टॉवेलचा पदर घेतला, डस्टर टेबलावर आपटलं आणि सुरू झाली, "अळकं मळकं का? टळकं! खळकं टळकं, पळकं बळकं!"

एकही शब्द खरा नव्हता. पण माझा चढा सूर, प्रश्न टाकून उत्तरासाठी न थांबणं, शेवटचा सुस्कारा, सगळं जसंच्या तसं. लेकरं गडाबडा लोळली. स्वयंपाकीणबाई डोळे पुसत होत्या. मीही मोठ्यानं हसले, आणि मधेच माझं हसू थांबलं. सात महिने मी जे शिकवलं ते तिला असं ऐकू येत होतं, तरी तिनं त्यातलं काहीच सांडू दिलं नव्हतं. समज मला नव्हती. लाजेनं माझे कान तापले.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, त्या पोरीचं नाव काढा. चूक माझी हाय."

"बाई, यादी कालच गेली. तिच्या जागंवर दुसरी लेक घेतली बी. आता तिला हाकलू का?"



चार दिवसांनी तिचा बाप आला. माझ्याकडे न बघता त्यानं तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. फाटकापाशी ती मागे वळली.

"अळकं मळकं का?"

सूर माझाच होता. पण या वेळी ती उत्तरासाठी थांबली होती.

"टळकं," मी म्हणाले.

ती हसली आणि बापामागे चालू लागली. आमचं दोघींचं तेवढंच एक बोलणं झालं.